परीक्षा अडवल्याशिवाय कुणी ऐकत का नाही?

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. मागून ट्रॅक्टरचा आवाज येईल, मध्येच एखादं गाणंही येईल, तेवढं चालवून घ्या. मी अंथुर्ण्यात घरीच बसून रेकॉर्ड करतोय, कारखान्यांचा हंगाम चालू आहे आणि घरापुढनं उसाच्या ट्रॉल्या चालल्यात. ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारामतीहून इंदापूरला निघालात की भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन मागे पडतं आणि मग अंथुर्णे लागतं. तुकोबांची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते, तेवढ्या एका दिवशी आम्ही टीव्हीवर दिसतो.

तर विषय. मागच्या आठवड्यात मला एका मुलाचा मेसेज आला. माझा जुना विद्यार्थी, आता पुण्यात नोकरी करतो, गाडीवर येता-जाता हा पॉडकास्ट ऐकतो. (हेल्मेटच्या आत हेडफोन घालू नको बाबा.) त्यानं लिहिलं होतं, "सर, २०२३ ला आमचे पेपर पुढे गेले होते. कॉलेजच्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला वेठीला धरलं होतं. तुमच्या घरातलेच लोक त्यात होते. यावर कधी बोलणार?"

खरंय. आमच्या घरातलेच होते. माझे वडील, अण्णा, एका अनुदानित कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहेत. कॉलेजचं नाव घेत नाही, गरज नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या धुणं, द्रावणं काढून ठेवणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणं, हे काम ते तीस वर्षं करतायत. आणि मी? मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे सीएचबी. माझ्याबद्दल नंतर बोलतो, आधी अण्णांचं.

२ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. २० फेब्रुवारीपासून बेमुदत संप. मागण्या काय होत्या? आश्वासित प्रगती योजना परत सुरू करा, म्हणजे बढती नाही मिळाली तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी द्या. विद्यापीठांमधल्या १४१० कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग लागूच झाला नव्हता, तो करा. रिक्त जागा भरा. जुनी पेन्शन द्या. बहुतेक मागण्या वर्षानुवर्षं तशाच पडून होत्या. अनेक विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि पेपरात मथळे आले: विद्यार्थी वेठीस.

हा शब्द मला फार गंमतीचा वाटतो. वेठ म्हणजे काय? पैसे न देता करून घेतलेलं काम. वेठबिगार त्यातूनच आलंय. संप झाला की आपण म्हणतो कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांना वेठीला धरलं. पण त्या मुलाचा राग मला खोटा ठरवायचा नाही. त्याचा पेपर खरंच पुढे गेला होता, त्याची पुढची ॲडमिशन त्यावर अवलंबून होती, आणि आश्वासित प्रगती योजनेशी त्याचा काय संबंध? मला जे विचारायचंय ते असं, की अण्णांसारख्या माणसाला आपलं म्हणणं ऐकवायला परीक्षा अडवण्याशिवाय दुसरा रस्ता होता का? मी हे बरंच दिवस शोधतोय.

याचं उत्तर मला कायद्याच्या पुस्तकाआधी आमच्या ओट्यावर मिळालं. माझा थोरला चुलतभाऊ साखर कारखान्यात कामाला आहे, हंगामी. मागच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, साखर कामगारांचा नवा वेतन करार ठरला. १० टक्के वाढ, १ एप्रिल २०२४ पासून धरून, पाच वर्षांसाठी. त्याच्या आधीचा १२ टक्क्यांचा होता, तो मार्च २०२४ मध्ये संपला. भाऊ मोबाईलवर त्याची बातमी दाखवत होता. अण्णा चष्मा लावून वाचत होते, आणि वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "यात तुमच्या युनियनची सही असते का रे?"

भाऊ म्हणाला, "असते की, नाना. सहीबिगर करार कसा व्हईल?"

अण्णा काही बोलले नाहीत. आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतनं त्यांचे कागद घेऊन आले. शासन निर्णयांच्या झेरॉक्स, परिपत्रकं, आणि कुठल्या कुठल्या बैठकींची इतिवृत्तं. प्रत्येक कागदावर कुणाची ना कुणाची सही होती. फक्त अण्णांच्या बाजूच्या माणसाची कुठंच नव्हती.

आता हा फरक नीट बघा. साखर धंद्यात त्रिपक्षीय समिती बसते. एका बाजूला कारखानदार, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना, मध्ये राज्य सरकार. भांडतात, उठून जातात, परत येतात. संपाच्या नोटिसा निघतात. शेवटी जो कागद होतो त्याला करार म्हणतात. त्यावर दोन्हीकडच्या सह्या असतात, तो कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं, आणि संपला की परत बसायचं हे सगळ्यांना माहीत असतं. यालाच सामूहिक सौदा म्हणतात, किंवा सामूहिक वाटाघाटी. सौदा म्हटलं की आपल्याला बाजार आठवतो, पण वाईट शब्द नाही तो.

आणि उलट अण्णांकडे येतो तो शासन निर्णय, जीआर. जीआर म्हणजे एकाच बाजूचा कागद. सरकार देतं, सरकारच बदलतं, सरकारच मागे घेतं. ज्या आश्वासित प्रगती योजनेसाठी २०२३ ला संप झाला, ती आधी एका जीआरनं दिलेली आणि दुसऱ्या जीआरनं काढून घेतलेली होती. करार असता तर असं एका बाजूनं मोडता आलं असतं का?

साखर कामगारांचं सगळं छान चाललंय असं मात्र समजू नका. मार्च २०२४ ला संपलेला करार ठरायला जुलै २०२५ उजाडला. कित्येक कारखान्यांत कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकलेत. भाऊ स्वतः म्हणतो, "करार कागदावर, पगार वाऱ्यावर." पण निदान पगार थकला तर किती थकला हे सांगायला त्याच्याकडे सह्यांचा कागद आहे.

याहून मोठं उदाहरण तर रोज माझ्या घरापुढनं जातं. ऊसतोड मजूर. त्यांच्याकडे नेमणूकपत्र नाही, हजेरीपुस्तक नाही, मुकादमाकडून उचल घेऊन आलेली माणसं ती. त्यांचा मालक नेमका कोण, कारखाना का मुकादम, यावरच वाद आहे. तरीसुद्धा त्यांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात दराचा करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यांचे हाल मी कमी करून सांगत नाहीये, टक्के वाढले म्हणून फडातलं जगणं बदलत नाही. पण ज्याच्या कष्टाला आपण कष्ट म्हणूनही नीट मोजत नाही, त्याच्या बाजूनं दरासाठी कुणीतरी टेबलावर बसतं. एम.एस्सी., सेट झालेल्या माझ्या बाजूनं कुणी बसत नाही. हे मला समजलं त्या रात्री मला हसू आलं, आणि मग झोप आली नाही.

असं का, तर इथं थोडा कायदा सांगावा लागेल. कंटाळू नका, यात एक खरी गोष्ट आहे आणि ती गोव्याची आहे.

१९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात एक मोठा निकाल दिला. 'उद्योग' या शब्दाचा अर्थ त्यांनी इतका रुंद केला की हॉस्पिटल, शाळा, विद्यापीठ, सगळं त्यात आलं. म्हणजे विद्यापीठ हा कायद्याच्या भाषेत उद्योग. मग तिथं काम करणारे कामगार, आणि कामगारांना औद्योगिक विवाद कायद्याचे हक्क, असं वाटेल. गोव्यात करंजाळे इथल्या एका शाळेत एक शिक्षिका होत्या. १९७५ मध्ये त्यांना कामावरून कमी केलं. त्या याच कायद्याखाली दाद मागायला गेल्या आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात पोचलं. १९८८ मध्ये निकाल आला. कोर्ट म्हणालं, शाळा उद्योग आहे हे बरोबर, पण शिक्षक हा 'कामगार' नाही. कामगाराच्या व्याख्येत अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम येतं. शिकवणं हे एक व्रत आहे, उदात्त कार्य आहे, ते त्यात बसत नाही.

बघा, किती गोड शब्द आहेत. आमचा एवढा मान ठेवला की हक्क ठेवायला जागा उरली नाही. पाच सप्टेंबरला गुलाबाचं फूल मिळतं ना, मला दरवर्षी हा निकाल आठवतो.

म्हणजे एकाच घरात, एकाच ताटावर बसणारे आम्ही दोघं. कायद्यानं बाटल्या धुणारे अण्णा कामगारात बसू शकतात, मी बसत नाही. पण अण्णांना त्याचा उपयोग काय झाला? फार नाही. कारण सौदा करायचा तर समोर मालक पाहिजे, आणि अण्णांचा मालक शोधायला गेलं की तुम्ही फिरत राहता. नेमणूक केली शिक्षण संस्थेनं. संस्थेला विचारलं तर म्हणते, पगार शासनाच्या अनुदानातून येतो, आमच्या हातात काय आहे? सहसंचालक कार्यालयात गेलात तर ते म्हणतात, आम्ही फक्त अंमलबजावणी करतो, धोरण मंत्रालयात. मंत्रालयात उच्च शिक्षण विभाग म्हणतो, वित्त विभागाची मान्यता पाहिजे. विद्यापीठ म्हणतं, आम्ही परीक्षा घेतो आणि संलग्नता देतो, बाकी तुमचं तुम्ही बघा. प्राध्यापकांच्या बाबतीत त्यात दिल्लीची यूजीसी आणखी. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासूनचा, आपल्या राज्यात प्राध्यापकांसाठी त्याचा शासन निर्णय निघाला ८ मार्च २०१९ ला. मधली तीन वर्षं नुसती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली.

कुणी म्हणेल, विद्यापीठ कायद्यात तक्रार निवारणाची सोय आहे, न्यायाधिकरण आहे. आहे, आणि ते चांगलंच आहे. मला काढलं, निलंबित केलं, तर तिथं जाता येतं. पण ती एकट्या माणसाची एकट्या अन्यायाविरुद्धची दाद झाली. 'आम्हा सगळ्यांचा पगार काय असावा यावर आमच्याशी बोला' असं तिथं मागता येत नाही.

आणि संप? संघटना करायचा हक्क आपल्याला राज्यघटनेनं दिलाय. पण १९६१ मध्येच सुप्रीम कोर्टानं बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं की संघटना करायचा हक्क म्हणजे संपाचा किंवा सामूहिक सौद्याचा हक्क नव्हे. पुढे २००३ मध्ये तमिळनाडू सरकारनं संपावरच्या लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी बसवलं, तेव्हा तर कोर्ट म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही, नैतिकही नाही. संघटना करण्याच्या आणि सामूहिक सौद्याच्या हक्काचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन मोठे करार आहेत, ८७ आणि ९८ नंबरचे. आपण ते अजून स्वीकारलेले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात 'वाटाघाटी करणारी युनियन' ही गोष्ट स्पष्ट लिहिलीय, ५१ टक्के कामगार जिच्याकडे तिला मालकानं मान्यता द्यायची. ऐकायला चांगलंय. पण शिकवणं हे काम त्यातल्या कामगाराच्या व्याख्येतही नाही, आणि धर्मादाय, समाजसेवी संस्था 'उद्योगा'तून बाहेर ठेवल्यात. आमच्याकडची कॉलेजं कुणा ना कुणा संस्थेचीच असतात. अण्णा आत का बाहेर, यावर आता वकिलांची चांगली कमाई होईल.

मग राहतं काय? परीक्षा. विद्यापीठात एकच गोष्ट अशी आहे जी थांबली की मंत्रालयात फोन वाजतो. तास बुडाले तर कुणी विचारत नाही, लॅबमध्ये ॲसिड संपलं तरी विचारत नाही. २०१३ मध्ये प्राध्यापकांच्या महासंघानं, एमफुक्टोनं, ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, आणि १९९१ ते २००० या काळात नेट-सेट नसताना लागलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न. शेवटी प्रकरण हायकोर्टात गेलं आणि बहिष्कार मागे घेतला. शासनानं ७१ दिवसांचा पगार अडवला. प्राध्यापकांचं म्हणणं होतं की आम्ही वर्गात शिकवत होतो, फक्त परीक्षेचं काम केलं नाही. त्या पगारासाठी परत कोर्ट. एवढं सगळं झालं आणि दहा वर्षांनी, २०२३ ला, परत तेच हत्यार, फक्त माणसं शिक्षकेतर.

कॅलिफोर्नियाचं एक उदाहरण सांगतो. तिथलं सरकारी विद्यापीठ, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले सुमारे ४८ हजार लोक संपावर गेले. त्यात कोण होतं? पीएच.डी. करता करता वर्ग घेणारी, पेपर तपासणारी, लॅब सांभाळणारी पोरं. म्हणजे साधारण मीच. तिथल्या मुलांचेही निकाल, ग्रेड लटकले. पण साधारण सहा आठवड्यांनी त्याचा शेवट झाला तो सह्यांच्या करारावर, आणि त्यावर सभासदांनी मतदान केलं. कारण तिथं १९७९ पासून राज्याचा कायदा आहे की विद्यापीठानं कर्मचाऱ्यांच्या मान्यताप्राप्त संघटनेशी बसून बोललंच पाहिजे. तिथंही मुलांना त्रास झाला. पण तो करार संपेपर्यंत तरी पगारावरून दरवर्षी परीक्षा अडवायला लागत नाही.

आता माझं. मी नंतर बोलतो म्हणालो होतो.

सीएचबी म्हणजे जितके तास घेतले तितके पैसे. आठवड्याला तासांची मर्यादा. दिवाळीला शून्य, परीक्षेच्या काळात शून्य, उन्हाळ्यात शून्य. दर जीआरनं ठरतो. तो ठरताना मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कुणाला हे विचारणाऱ्यालाही माहीत नसावं, कारण आम्ही दर जूनला नवे असतो. नेमणूक एका सत्राची नाहीतर एका वर्षाची. पुढच्या वर्षी मी असेन का हे मलाच माहीत नसतं, तर माझी संघटना कुठून असणार? मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू केलेल्या तासांचे पैसे मला मार्चमध्ये मिळाले. मधल्या काळात पेट्रोलला पैसे अण्णांनी दिले. एकोणतीस वर्षांचा मुलगा रोज सकाळी वडिलांकडून शंभर रुपये घेऊन कॉलेजात शिकवायला जातो, हे मी वर्गात कसं सांगणार?

यंदाही तसंच चाललंय. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अकरा जणांचा. डिसेंबरात तिथं विषय निघाला की यंदा उत्तरपत्रिका तपासायच्याच नाहीत. दोघंतिघं लगेच तयार झाले. मी अर्धा दिवस काहीच लिहिलं नाही. एकतर मला भीती होती, ते लपवत नाही. जूनमध्ये यादीत माझं नाव नसेल एवढंच करायचंय त्यांना, काढायचीही गरज नाही. आणि दुसरं म्हणजे तो मेसेज करणारा मुलगा डोळ्यांपुढे येत होता.

रात्री अण्णांना विचारलं, "अण्णा, तुम्ही २०२३ ला काय विचार करून गेलात?"

ते म्हणाले, "विचार कसला. तीस वर्षांत आम्हाला कुणी बसा म्हणालं नव्हतं. तेवढ्यासाठी गेलो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पोरांच्या प्रॅक्टिकलची द्रावणं मी आधल्या दिवशी काढून ठेवली होती. ती वाया गेली, टाकून द्यावी लागली."

मी ग्रुपवर लिहिलं की पेपर तपासू, पण पत्र देऊ. पगारवाढ मागायची नाही, ती प्राचार्यांच्या हातात नाही. मागायचं एवढंच, की आमच्यातल्या तिघांबरोबर दर महिन्याला एक बैठक घ्या, त्याचं इतिवृत्त लिहा, आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या असू द्या. बिलं कधी पाठवली, कुठं अडलीत, हे त्यात लिहून येईल. त्यावर एकानं लिहिलं, हे म्हणजे भीक मागणं झालं, बहिष्कार टाकला असता तर निदान पेपरात आलं असतं. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. कदाचित पुढच्या वर्षी मीच त्याच्या बाजूला उभा असेन. त्या मुलाला माझं उत्तर एवढंच आहे, की तुझ्या पेपरपर्यंत येण्याआधीचे सगळे दरवाजे वाजवून बघायची आमची तयारी आहे, पण बऱ्याच ठिकाणी भिंतच आहे, दरवाजा नाही.

पत्र काल दिलं. आवक नंबर टाकून पोच घेतली, तिचा फोटो ग्रुपवर टाकला. घरी आलो तर अण्णा ओट्यावरच होते. भाऊची पाळी रात्रीची होती, तो डबा घेऊन निघाला होता. अण्णांनी पत्राची झेरॉक्स हातात घेतली, खालच्या बाजूला बोट लावलं आणि मोजायला लागले.

"अकरातल्या किती?"

"सात, अण्णा."

"बाकीचे?"

"घाबरतात."

भाऊ गाडीला किक मारता मारता म्हणाला, "सात लई झालं की, मास्तर. आमची टोळी चारांनी सुरू झाली हुती."